बदललेली पाटी

...नाही, पाटी बदला म्हणाले, बदलली! मी आपला थिएटरात सिनेमाचं यंत्र चालवणारा माणूस, माझ्या बापाचं काय जातंय? पण तुम्हाला सांगतो, तेव्हापासून झोप उडालीय. अहो, पाटी बदलता येते हो... ओठ कसे पुसणार?

म्हणजे झालं काय, मूकपटातली एक बाई. कडेवर तान्हं मूल, समोर जगाला नीती शिकवणारा बडा माणूस. बाई बोलते आणि पडद्यावर तिच्या शब्दांची पाटी येते, 'हे मूल तुमचं आहे.' आमच्या नीतिरक्षक समितीच्या अध्यक्षांना ती पाटी अशी झोंबली म्हणून सांगू! त्याच बाईच्या आंघोळीचा प्रसंग मात्र त्यांनी सहा वेळा बघितला. "मागे घ्या... पुन्हा लावा... नीट तपासायला नको?" तपासा बापडे. शेवटी आंघोळ पास, पाटी नापास. मला म्हणाले, "तुमचं अक्षर मोत्यासारखं. लिहा, 'मी पापी आहे, मला क्षमा करा.'" नोकरी कुणाला नकोय? पाटी लिहिली, पाटीचा फोटो घेतला, फिल्मला जोडला.

आणि पहिल्याच खेळाला बघतो तर काय, पाटीत क्षमा, आणि बाईचे ओठ आपले जुनंच म्हणतायत, 'हे मूल तुमचं आहे.' तेही त्या बड्या माणसाला नाही, थेट माझ्या यंत्राच्या झरोक्याकडे बघून! घरी गेलो, तर बायको सुईत दोरा ओवताना ओठ हलवते, मला तेच दिसतं. म्हटलं, "हो बाई, चारही पोरं माझीच." हसताय काय? अंगावर काटा येतो अजून. ओठ कसे पुसणार?

परवा अध्यक्ष हे शुद्ध केलेलं चित्र दाखवायला आईला घेऊन आले. म्हातारीला वीस वर्षं ऐकू येत नाही, समोरच्याचे ओठ बघून सगळं समजतं. भर खेळात खणखणीत आवाजात लेकाला विचारते, "अरे, मूल याचंच म्हणतेय की ती! मग माफी हिनं का मागायची?" पडद्याखाली बसून पेटी वाजवणाऱ्याची बोटंच थांबली. अध्यक्षांना दरदरून घाम.

बाहेर येऊन म्हणाले, "बाईचा तेवढा तुकडा कापा." आणि जाता जाता वळून, "आंघोळ राहू द्या." कापला. डब्यात घालून माझ्याच टेबलाखाली ठेवलाय. अधूनमधून डबा खुडबुडतो... उंदीर असेल, दुसरं काय?

आता त्या जागी बाई नाही, मूल नाही. काळ्या पडद्यावर नुसतं, 'मी पापी आहे, मला क्षमा करा.' लोक विचारतात, हे कोण म्हणतंय? काय सांगू... अक्षर तर माझंच आहे.