दोन मुठींची करवत

थांब्यावरच्या बाकावर पुस्तक वाचत बसलेल्या नीकाचे कान शेजारच्या दोघांकडे लागले होते. म्हातारा अर्खिप मांडीवर पोत्यात गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी घेऊन बसला होता आणि त्याची शेजारीण क्लाव्दिया ते बोटांनी चाचपत होती.

"करवत का हो, अर्खिपभाऊ?"

"करवतच. दोन मुठींची द्रुझ्बा."

"द्रुझ्बा म्हणजे मैत्री, आणि निघालात त्याच नावाच्या गावाला, भावाकडे! आईच्या घराची वाटणी झाल्यापासून तोंडं तरी पाहिलीत का एकमेकांची?"

"त्याची लाकडं कापायची राहिलीत म्हणे. हिवाळा आलाच."

"मग मोटरची करवत न्यायची. आहे की तुमच्याकडे."

"आहे. तिचंही नाव द्रुझ्बाच. पण ती चालवायला एकटा माणूस पुरतो."

"बरं, मग?"

"म्हणून घरी ठेवली."

नीकाचं पान उलटायचं राहिलं.

"आणि त्याने दारच उघडलं नाही तर?"

"उभा राहीन. उघडलं की एक मूठ त्याच्यापुढे करीन."

"आणि बोलणार काय?"

"हिला बोलणं लागत नाही, क्लाव्दिया. आपण ओढायचं, मग हात सैल सोडायचा, की समोरचा ओढतो. ढकललं की पातं वाकतं. लहानपणी तोच ओरडायचा माझ्यावर, 'ढकलू नकोस, गाढवा!'"

"मग आज आधी कोण ओढणार?"

बसचं दार उघडलं. अर्खिपने पोतं खांद्यावर घेतलं.

"ओढू दे त्याला. मी धाकटा आहे, मी हात सैल सोडेन."