जुन्याला एकच बटण होतं

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक नवरा-बायको बसले होते. हार्ड डिस्क बाईंच्या मांडीवर होती.

“जुन्या बॅकअपला एकच बटण होतं. दाबलं की सगळं जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर जायचं.”

“त्याला अक्कल नव्हती. नव्यात ढीगभर सोयी आहेत.”

“त्यातल्या कुठल्या सोयीने माझे फोटो गेले?”

“अगं, ते एकसारखे फोटो ओळखतं. दोनातला एकच ठेवतं, जागा वाचते.”

“एकसारखे? एकात मी होते, दुसऱ्यात ताई!”

“जुळ्या बहिणी तुम्ही. तुमच्या आईंचीही गल्लत होते, ते बिचारं काय करणार?”

“बरं. मग दर वेळी ताईच कशी राहिली? मी एकदाही नाही?”

“ते आधी विचारतं ना, दोघींतली कुठली ठेवायची म्हणून. एकदा सांगितलं की पुढे आपलं आपण तसंच करतं. तीच तर सोय आहे!”

“म्हणजे तुम्हाला विचारलं होतं?”

“फक्त पहिल्यांदा.”

“आणि तुम्ही ताईवर बोट ठेवलंत?”

“तो फोटो जरा जास्त स्पष्ट आला होता, गं.”

बाई दुकानदाराकडे वळल्या. “ओ दादा, ही डिस्क नंतर बघा. आधी यांना एकच बटण बसवून द्या.”