चटईवरची पावलं

फिजिओ : ...अहो काका, बूटसुद्धा काढा. या चटईवर अनवाणीच चालायचं. पाऊल कुठे किती दाबतं, ते समोर पडद्यावर उमटतं.

कंडक्टर : पोरी, चौतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो. धावत्या गाडीत, कशालाही न धरता तिकिटं फाडलीत. माझा तोल काय तपासतेस?

लेक : बाबा, मागच्या महिन्यात घरातल्या सपाट फरशीवर पडलात. ती काय धावत होती?

कंडक्टर : धावत नव्हती, तिथेच तर घोटाळा झाला!

फिजिओ : चाला बघू. अं... ताई, तुम्ही कुठे निघालात?

लेक : हात धरते ना त्यांचा. पडल्यापासून माझ्याकडे आणलंय, एक पाऊल एकट्याने टाकू दिलेलं नाही. आणि डॉक्टर, यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आता कायम माझ्याकडेच राहायचं, असं लिहूनच द्या.

कंडक्टर : घ्या! निकाल आधी, परीक्षा मागून.

फिजिओ : बरं, एकदा हात धरूनच चाला. हं, वळा... या परत. आता बघा. लाल म्हणजे जास्त भार, निळा म्हणजे कमी.

कंडक्टर : टाच लालबुंद. आणि बोटं कुठे गेली?

फिजिओ : रजेवर! वयाबरोबर तळव्याची जाण कमी होते, बोटांतला जोर जातो. मग माणूस बोटांनी रेटा द्यायचं सोडतो, नुसतं पाऊल उचलून पुढे ठेवतो. चाल आखूड होते. आणि ठेच लागली, की सावरायला बोटं हजर नसतात.

लेक : मी म्हणत नव्हते?

फिजिओ : थांबा. उजवं पाऊल डाव्यापेक्षा बरंच लाल दिसतंय. ताई, तुम्ही कुठल्या बाजूला होतात?

लेक : उजव्या.

फिजिओ : काका, आता एकटे. मी अगदी जवळ उभी आहे.

लेक : मी चटईच्या कडेने येते.

कंडक्टर : ये. हात मात्र मागे ठेव.

(तो चालतो.)

फिजिओ : बघा. बोटं अजून फिकीच आहेत, पण दोन्ही पावलं जवळजवळ सारखी. पाऊलही लांब पडलंय.

लेक : म्हणजे माझ्यामुळे...?

फिजिओ : तुम्ही घट्ट धरता, ते तुमच्याकडे कलतात. इतकंच.

लेक : आई बाथरूममध्ये पडली, ती परत उठलीच नाही. तेव्हा मी बाल्कनीत फोनवर गप्पा मारत होते.

कंडक्टर : अगं वेडे, मी तर बाजूच्याच खोलीत पेपर वाचत होतो. तुझ्याहून जवळ. हे इतकी वर्षं मनात धरून बसलीस?

लेक : तुम्ही तरी कुठे बोललात?

फिजिओ : टेबलावर रुमाल आहेत. दोघांनीही घ्या.

लेक : मग... तिसऱ्या मजल्याचं काय?

फिजिओ : जिन्याला भक्कम कठडा आहे ना? मग सध्या तिथेच राहू द्या त्यांना. रोज ओट्याला धरून वीस वेळा टाचा उचलायच्या. बसून, पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करायचा. तीन महिन्यांनी पुन्हा चटई. बोटं तोवर कामावर रुजू झाली नाहीत, तर मुकाट ताईंचं ऐकायचं.

कंडक्टर : कबूल.

लेक : मलाही. पण दर रविवारी येऊन टाचा मोजणार.

कंडक्टर : ये की. चहा मी करीन. चल, निघू या.

लेक : मी पुढे चालू की मागे?

कंडक्टर : शेजारी. हात मोकळा ठेव, लागला तर मागीन.