निचऱ्याची बारा भोकं

मिस्त्री: डावीकडे सहा, उजवीकडे सहा. निचऱ्याची एकूण बारा भोकं. त्यातली तीन उघडी, नऊ बुजलेली. कोणी केला हा उद्योग?

भाची: मी, काका. गेल्या वर्षी गाडी गंजू नये म्हणून खालून लॅनोलिन लावलं, तेव्हा. मला वाटलं, खारं पाणी तिथूनच आत शिरत असणार.

मिस्त्री: अगं, पाणी वरून येतं, काचेच्या फटीतून. खाली त्याची बाहेर पडायची वाट. रसायनशास्त्र शिकलीस ना तू?

भाची: ते शिकले. गाडी नाही शिकले.

आत्या: तिला बोलू नका हो, मिस्त्री. दोन दिवस पाठीवर झोपून लावत होती. केसांत इतकं गेलं, की आठवडाभर घरात मेंढी पाळल्यासारखा वास.

भाची: आत्या!

मिस्त्री: बोलत नाही. पण नर्सबाई, दाराखालच्या या दोन पोकळ पेट्यांवर गाडीचा सगळा भार. वर्षभर पाणी साचून पत्रा आतून कुजला असेल, तर? मूळचा दोन मिलिमीटर आहे. दीडच्या खाली गेला असेल, तर मी गाडी रस्त्यावर सोडणार नाही. तुमची असली तरी.

आत्या: दिवस भरत आलेल्या तिघी आहेत माझ्या. एकीच्या घराकडे तर बसही जात नाही.

मिस्त्री: म्हणून तर आधी मोजू म्हणतो. पोरी, ते घमेलं सरकव इकडे. उघडतो एकेक.

(पेचकस फिरतो, घमेल्यात पाण्याची धार लागते.)

भाची: बाप रे. थांबतच नाहीये.

मिस्त्री: रंग बघ आधी.

भाची: गढूळ आहे. पण तांबूस नाही. वर तेलकट तवंग आहे.

मिस्त्री: म्हणजे पेटीच्या आतूनही मारलं होतंस?

भाची: हो. लांब नळी घालून. आधी आतून, मग बाहेरून, आणि शेवटी... भोकं.

मिस्त्री: शेवटी माती खाल्लीस, पण आधीचं काम चोख! आतून कोणी मारत नाही गं. जे दिसत नाही, तिथे कोण हात काळे करतं?

आत्या: ही करते. नादही माझ्यामुळेच लागला. बाळंतिणीला पाजताना चिरा पडल्या, की मी लावायला देते ना, तेच हे, लोकरीचं. माझी डबी उघडून बसली आणि विचारते, आत्या, याच्यावर पाणी का ठरत नाही?

मिस्त्री: ती पिवळी डबी? आमच्या हिला दिली होतीत तुम्ही, धाकटीच्या वेळी. तीन दिवस पोर भुकेनं रडायची, ही दुखण्यानं, आणि मी दाराबाहेर. चौथ्या दिवशी दोघी गाढ झोपल्या. बोललो नाही कधी. आज बोलतो.

आत्या: दर वेळी ब्रेक तपासून देता, आणि विचारलं की म्हणता, सहज बघितले. कळत नाही का मला?

मिस्त्री: बरं, ते राहू द्या. रिकाम्या झाल्या दोन्ही बाजू. पत्र्याची जाडी मोजायचं यंत्र आणलंस?

भाची: आणलंय, कॉलेजातल्या सरांना विचारून. पत्रा चार जागी पुसून घ्या. आणि... अरे देवा. जेल विसरले. त्याशिवाय आकडा येत नाही.

आत्या: माझ्या पिशवीत बघ. बाळाचे ठोके ऐकायला लावते, ते चालेल?

भाची: पळेल! आत्या, तुझे आभार कसे मानू?

आत्या: ते मी मानायचे. आकडा वाईट आला ना, तरी तोंड पाडायचं नाही. माझ्यासाठी गाडीच्या पोटाखाली शिरणारं दुसरं आहे कोण?

मिस्त्री: चला, लाव. डावी बाजू, पुढे.

भाची: एक पॉइंट नऊ.

मिस्त्री: मागे.

भाची: एक पॉइंट आठ.

मिस्त्री: आता उजवी. पाणी हिच्यातच जास्त होतं. पुढे?

भाची: एक पॉइंट आठ.

मिस्त्री: मागचं टोक.

भाची: थांबा, आकडा हलतोय. आत्या, दंड सोड माझा.

आत्या: सोडला.

भाची: एक पॉइंट सात.