मी गाडी बंद केली

...नाही नाही, शिट्टी म्हणजे तोंडाने मारतात ती नव्हे हो, छातीतली! आमची ठमी, सात वर्षांची, श्वास घेते आणि आतून बारीक शिट्टी वाजते... लेकीचा श्वास अडकतोय आणि बाप नुसता पाठ चोळतोय... घाबरू नको तर काय करू?

तुम्हाला सांगतो, काय काय नाही केलं! गालिचा काढला, उशा बदलल्या, शेजारणीच्या मांजराशी वैर घेतलं. बायको म्हणाली, "अहो, ते मांजर आपल्याकडे येतच नाही!" म्हटलं, "केस येतात ना!" पण शिट्टी मात्र शाळा सुटली की हजर! डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत विचारतात, "शाळा सुटल्यावरच का होतं हो?" का म्हणजे? बाहेरची हवा! म्हणून तर तिला गाडीतून आणतो! अर्धा तास आधी जाऊन फाटकासमोर जागा धरायची, काचा बंद, इंजिन सुरू, एसी सुरू... लेकरू आत बसलं की कसं, स्वच्छ गारेगार! आणि मी एकटा नाही बरं का, पुढेमागे हीऽऽ रांग, सगळ्यांच्या काचा बंद, सगळ्यांची इंजिनं सुरू, सगळ्यांना आपापल्या पोराची काळजी!

तर परवा शाळा सुटली, मी दार उघडलं, आणि मांडीवरचा ठमीचा पंप, तो तोंडात धरून औषध ओढायचा पंप हो, पडला आणि गेला गडगडत पुढच्या गाडीखाली. मी धावलो, वाकलो... आणि त्या गाडीचा सायलेन्सर थेट माझ्या तोंडावर! फुस्स! डोळ्यांत पाणी, घशात आग. मनात आलं, मी वाकलोय म्हणजे आता उंचीला केवढा? तर ठमीएवढा! मान वळवली... रांगेच्या कडेकडेने सगळी पोरं चाललेली, सगळ्यांची नाकं त्याच उंचीला! आणि एका गाडीच्या मागे, अगदी धुराच्या तोंडाशी, टाचा उंचावून बापाला शोधत कोण उभी? ठमी! गाडी कुणाची? माझी! अहो, घाबरू नको तर काय करू?

पंप उचलून धावलो, तिला आत कोंबलं, तो तिच्या तोंडात दिला आणि किल्ली फिरवली. गाडी बंद!

झालं! पुढचे टायवाले उतरले, मागचे टकलू उतरले, दोघांच्याही गाड्या मागे घुर्रर्र चालूच! "बंद पडली का हो?"

"नाही, मीच बंद केली!"

"मुद्दाम? तब्येत बरी आहे ना?"

"अहो, धूर पोरांच्या नाकात जातो!"

टायवाले माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "लाजू नका हो, गाडी आहे, कुणाचीही बंद पडते. बसा, आम्ही ढकलतो!"

आणि ढकलली की हो! भली माणसं! मी स्टिअरिंग रांगेबाहेर वळवून धरलेलं, मागे दोघे त्या धुरात "हुश्श हुश्श" करतायत, चार पावलांत टायवाल्यांना अशी धाप लागली की बिचारे डिकीवर पालथेच पडले. ठमीने मागच्या काचेतून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, काकांना माझा पंप देऊ?"

मी समोरच्या काचेतून पाहिलं. त्यांची गाडी सुरू, त्यांच्यापुढची सुरू, पार वळणापर्यंत सुरू...

म्हटलं, "ठमे, रांग फार लांब आहे गं... एका पंपात भागायचं नाही."