उभ्या गाडीचा विमा

२०२३ सालचा हिवाळा. मी अमेरिकेत चँडलरला मुलाकडे होतो. निखिलने मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली बसएवढी गाडी, भाड्याने घेतली आणि सूनबाईसह आम्ही मेक्सिकोच्या समुद्राकडे निघालो. सीमेवर कळलं, अमेरिकेचा विमा पलीकडे चालत नाही. तिथे विमा विकणाऱ्या बाईने चार दिवसांचा भाव सांगितला.

मी म्हणालो, "दोनच दिवसांचा घे. जायचा आणि यायचा. मधले दोन दिवस गाडी उभीच. उभ्या गाडीला काय होतंय?"

"बाबा, असं नसतं हो."

"तीस वर्षं ट्रक चालवलाय मी. मला शिकवू नकोस."

सूनबाई म्हणाली, "तुम्ही गाडीत बसा, मी बघते."

दुसऱ्या दिवशी निखिल हँडब्रेक विसरला. उभी गाडी उतारावरून आपोआप निघाली आणि खाली उभ्या असलेल्या कुणाच्या तरी नव्या गाडीवर आदळली. पोलीस म्हणाले, विमा नसेल तर मुलाला चौकीवर नेणार.

सूनबाईने पर्समधून कागद काढला. चारही दिवसांचा विमा होता. पोलीस निघून गेले.

मी विचारलं, "मधल्या दोन दिवसांचे किती झाले?"

"ऐंशी डॉलर, बाबा."

मी नोटा पुढे केल्या. वाटलं, 'राहू द्या' म्हणेल.

तिने घेतल्या.