आंबिलीचं मडकं

जव्हार दरबारच्या दवाखान्याच्या ओसरीवर मी माझ्या पाळीची वाट पाहत होतो. शेजारी नुकतंच लग्न झालेली गोदी आपल्या आईशी हळू आवाजात बोलत होती.

“आये, सासूचं आंबिलीचं मडकं मी राखेनं घासून लख्ख केलं. आता नागलीचं पीठ आंबतच नाही.”

“अगं येडे, बुडाशी जुनी आंबील राखायची असते! तिच्यानंच नवी आंबते.”

“सासू उद्या गावाहून येईल. आल्याआल्या आंबीलच मागेल.”

“घरी चल, माझ्या मडक्यातली देते. आज कालवलीस तर उद्या आंबेल.”

“चव निराळी लागली तर?”

“नाही लागायची. माझ्याकडची मूळ तिच्याच मडक्यातली.”

“तिनं तुला कशाला दिली?”

“नवी नवरी होते तेव्हा मीही मडकं घासलं होतं.”

माझ्या नावाची हाक आली. मी आणखी थोडा बसून राहिलो.